जे.जे.चा विस्तार जरूर करा, पण सुरुवात वर्गातून करा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. कुलगुरू, सर ज. जी. कला, वास्तुकला आणि अभिकल्प अभिमत विद्यापीठ, मुंबई,
तसेच या आवाराच्या कामाशी संबंधित सर्व वास्तुरचनाकार आणि अधिकारी

स. न. वि. वि.

२०२३ मध्ये जे.जे.ला, म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाच्या मुंबईतल्या कलाशाळांना, अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःच पदव्या देऊ शकणाऱ्या संस्थेचा, दर्जा मिळाला. १९५८ साली वेगळ्या झालेल्या कला, वास्तुकला आणि उपयोजित कला या संस्था त्यामुळे पुन्हा एका छत्राखाली आल्या. आता विद्यापीठ म्हटलं की नवे अभ्यासक्रम येणार, विद्यार्थी वाढणार, संशोधन सुरू होणार आणि या सगळ्याला जागा लागणार. जुन्या इमारतींची दुरुस्ती, नव्या इमारती, संग्रहालय हे विषय ओघानं आलेच. हे सगळं व्हावं असं मला मनापासून वाटतं. विस्ताराला विरोध करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. शिकलो जे.जे.मध्ये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं दरवर्षी माझ्या हाताखालून जातात आणि त्यांतल्या एखाददुसऱ्याच्या डोक्यात फोर्टमधल्या त्या आवाराचं नाव पक्कं बसलेलं असतं. त्या मुलांच्या वतीनं, आणि जे.जे.नं मला जे दिलं त्याला जागून, एकच गोष्ट मांडायची आहे. या संस्थेत आजवर काम आधी उभं राहिलं, मग त्या कामाला खोली मिळाली आणि इमारत सगळ्यात शेवटी आली. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

इतिहासच पाहा. जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये रेखाटनाचा वर्ग सुरू झाला आणि शाळेला स्वतःची इमारत मिळाली ती १८७८ मध्ये. म्हणजे २१ वर्षं स्वतःची वास्तू नव्हती. ती वर्षं वाया गेली का? १८६६ मध्ये सरकारनं कारभार हाती घेतला आणि तीन कार्यशाळा सुरू झाल्या. ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटीचं चित्रकाम, लॉकवुड किपलिंग यांच्याकडे मातीकाम आणि शिल्प, हिगिन्स यांच्याकडे घडीव लोखंडाचं काम. रस्त्यापलीकडच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची किपलिंग यांची उठावशिल्पं त्याच काळातली. ती मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन निघाले १८७२ मध्ये, तेव्हाही आजची इमारत झालेली नव्हती. पुढे शाळा त्या इमारतीत आली त्याच वर्षी पलीकडे व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम सुरू झालं आणि दहा वर्षांत तिथल्या दगडावर जी पानं, फुलं, पक्षी, प्राणी उमटले, त्यांत या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. आज ते स्टेशन जागतिक वारसा आहे.

त्यानंतरही जे.जे. वाढतच गेली. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाच्या कलाकार्यशाळा आल्या. आजचा कलाकारागिरी विभाग त्यातून आला. १८९३ मध्ये चित्रकला शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. महाराष्ट्रातल्या शाळांमधून माझ्यासारखे जे शेकडो ड्रॉइंग मास्तर आहेत त्यांचं मूळ या वर्गात आहे, म्हणून मला हे साल विशेष जवळचं. १८९६ मध्ये आराखडे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला आणि त्यातून पुढे वास्तुकला महाविद्यालय झालं. १९१० मध्ये जॉर्ज क्लार्क यांच्या नावानं कारागिरीच्या प्रगत अभ्यासाची प्रयोगशाळा उघडली, तिथं पहिलं काम निवडलं ते कुंभारकामाचं. १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग आला, तो आज उपयोजित कला संस्था म्हणून देशभर ओळखला जातो.

यातला एकही विस्तार आधी इमारत बांधून मग 'आता इथं काय शिकवू या' असा झालेला नाही. शहराला काहीतरी हवं होतं, ते करू शकणारा एक जाणकार शिक्षक होता, चारदोन विद्यार्थी होते, आणि ते काम वाढलं म्हणून जागा वाढवावी लागली. १६५ वर्षांहून जास्त काळ ही संस्था टिकली ती अशी.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, कोणताही आराखडा निश्चित करण्याआधी प्रत्येक विभागात जाऊन बसा. शिल्प, चित्र, सिरॅमिक, मेटल, टेक्स्टाइल, इंटिरियर, प्रिंट, प्रत्येक ठिकाणी किमान एक आख्खा कामाचा दिवस काढा. विभागप्रमुखांकडून मागण्यांची यादी मागवून घेणं म्हणजे विभाग समजून घेणं नव्हे. यादीत 'खोल्या ४, आकार अमुक' एवढंच येतं. तिथं काम करणाऱ्याला विचारलं तर वेगळ्याच गोष्टी कळतात.

उदाहरणार्थ दरवाजा. पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी सहा बाय आठ फुटांचा कॅनव्हास करतो. तो सात फुटी, तीन फुटी दारातून तिरका करून कसाबसा काढता येतो, पण पुढे जिन्याचं वळण आलं की अडकतो. मग फ्रेम सोडवायची, कॅनव्हास गुंडाळायचा, ओल्या रंगाला धक्का लावायचा. नव्या इमारतीत स्टुडिओ वरच्या मजल्यावर न्यायचे असतील तर माणसांची लिफ्ट पुरणार नाही, मालाची रुंद लिफ्ट पहिल्या नकाशातच लागेल. नंतर ती बसवता येत नाही.

शिल्पाचा विभाग तळमजल्यावरच हवा. दगडाचा ठोकळा, ओल्या मातीचे ढीग, लोखंडी आर्मेचर (शिल्पाचा आतला सांगाडा), प्लास्टरच्या गोणी यांचं वजन साध्या वर्गखोलीच्या स्लॅबला झेपणारं नसतं. दगड फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते, म्हणून ते काम उघड्या पडवीत किंवा धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेखाली व्हायला हवं. मेटलच्या वर्गात दिवसभर पत्र्यावर हातोडी चालते, त्याला लागून लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे मॉडेल समोर बसवून चित्र काढण्याचा, वर्ग ठेवला तर दोन्हीकडचे वैतागतात. एचिंगच्या, म्हणजे ॲसिडनं धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापण्याच्या, खोलीत वाफ असते, तिथं खिडकीतला छोटा एक्झॉस्ट पुरत नाही. सिरॅमिकची भट्टी पेटली की शेजारची भिंत तापते. टेक्स्टाइलच्या रंगाईचं पाणी कुठं जाणार, हे ड्रेनेजच्या नकाशात आधीच ठरावं लागतं. हे मी फार बारकाव्यात जाऊन लिहितोय याची मला कल्पना आहे. पण कलाशाळेची इमारत फसते ती याच बारकाव्यांत. दर्शनी भाग देखणा, चकचकीत लॉबी, काचेची भिंत, आणि आत मुलं कॉरिडॉरमध्ये कॅनव्हास टेकवून काम करतायत, असं होऊ नये.

आणि उजेड. जुन्या कलाशाळा बांधणाऱ्यांनी उंच छतं आणि मोठ्या खिडक्या ठेवल्या त्या शोभेसाठी नव्हेत. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो. सकाळी नऊला मॉडेलच्या गालावर जी सावली असते ती बाराला पळून जात नाही. पूर्व-पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन तासाभरात सगळं चित्र बदलून टाकतं. मुंबईत आणखी एक मेख आहे. हे शहर साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे युरोपातल्या स्टुडिओचा नमुना जसाच्या तसा उचलला तर इथं चालत नाही, उत्तरेच्या खिडकीलाही पुढे आलेली पाखं लागतात. वास्तुकला महाविद्यालय याच आवारात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना वर्षभर या वर्गांतल्या उजेडाची मोजणी करायला लावली तर नव्या स्टुडिओंसाठी याहून चांगला आधार कोणत्याही बाहेरच्या सल्लागाराकडून मिळणार नाही. तीन संस्था एकत्र आल्याचा तो पहिला खरा फायदा ठरेल.

नव्या इमारतीत संगणक प्रयोगशाळा येतील, ॲनिमेशन येईल, गेम डिझाइन येईल. यावंच. माझ्या शाळेतल्या मुलांना त्याचंही आकर्षण आहे. पण संगणक कोणत्याही चांगल्या खोलीत बसतो, भट्टी आणि दगड तसे बसत नाहीत. जागा वाटताना आधी ज्यांना पर्याय नाही त्यांना द्या. भट्टी एकदा बंद झाली की ती चालवणारा हातही निघून जातो आणि तो हात पुन्हा तयार व्हायला एक पिढी लागते.

आणखी एक माणूस तुमच्या आराखड्यात दिसायला हवा. मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाया आणि पुरुष. या शाळेतल्या पिढ्यान्‌पिढ्या मानवी शरीर शिकल्या ते त्यांना पाहून. तासन्‌तास एकाच मुद्रेत बसणं हे अंगमेहनतीचं काम आहे, पाय बधिर होतात, मान आखडते. त्यांना कपडे बदलायला कडी लागणारी स्वतंत्र खोली, स्वच्छ स्वच्छतागृह, मध्ये पाठ टेकायला जागा, वर्गाच्या दाराला पडदा नव्हे तर आडोशाची रचना, एवढं तरी नव्या नकाशात लेखी यावं. हा खर्चाचा प्रश्नच नाही. नकाशा काढणाऱ्याला ती माणसं आठवली पाहिजेत, एवढंच.

आता संग्रहाबद्दल, कारण त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

जे.जे.कडे दीड शतकाहून अधिक काळात जमलेला ठेवा आहे. विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची चित्रं, शिल्पं, अभ्यासासाठी आणलेले प्लास्टरचे साचे, मातीची भांडी, जुनी पुस्तकं. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापुरातून १८९० मध्ये इथं विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ मध्ये निवृत्त होऊनच बाहेर पडले. १९३० मध्ये त्यांनी काही काळ संचालकपदही सांभाळलं. गणपतराव म्हात्रे यांनी तरुणपणी घडवलेलं 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प प्लास्टरचं आहे. प्लास्टर पाणी शोषतं, धक्का लागला की तुटतं. ही कामं त्यांच्या जागेवरून हलवण्याची वेळ नूतनीकरणात येणारच, आणि कलावस्तूंचं सर्वाधिक नुकसान होतं ते याच हलवाहलवीत. घाईत बांधलेलं गाठोडं, पावसाळ्यात गळणारं तात्पुरतं गोदाम, चिठ्ठी निघून गेलेली फ्रेम.

शिवाय आगीचा इतिहास आपल्याला पाठ असायला हवा. अजिंठ्याच्या प्रतिकृती सर्वप्रथम रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत राहून केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्या गेल्या म्हणूनच ग्रिफिथ्स आणि जे.जे.च्या विद्यार्थ्यांवर ते काम पुन्हा करण्याची वेळ आली. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी कित्येक हिवाळे त्या अंधाऱ्या लेण्यांत बसले. १८७२ ते १८८५ असं हे काम चाललं. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यांतल्याही बऱ्याच जळाल्या. मधल्या काळात मूळ भित्तिचित्रंही झिजत राहिली. एकाच कामाची राख दोनदा झालेली पाहिलेली ही संस्था आहे. आणि हे फार लांबचं वाटत असेल तर ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवा. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून उभं असलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह त्या एका रात्रीत जळून गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरचे कलावंत भिंतींसमोर उभे राहून रडत होते, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

जुनी वास्तू, लाकूड, टर्पेंटाइन, जवसाचं तेल, कापडाचे कॅनव्हास, आणि त्यात दुरुस्तीच्या काळात चालणारं वेल्डिंग. यापुढे मी काही लिहायची गरज नाही. पहिला ठेकेदार आवारात पाऊल टाकण्याआधी प्रत्येक कामाचा फोटो, मोजमाप, सद्यस्थिती आणि ठिकाण यांची नोंद पूर्ण झालेली असावी, आणि ती सर्वांना पाहता येईल अशी जाहीर असावी. जाहीर यासाठी की, संग्रहात काय आहे हे लोकांना माहीत असलं की त्यातलं काही गहाळ होणं अवघड होतं. नोंद करायला माणसं नाहीत असं उत्तर येईल, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मानधन देऊन, संवर्धनाच्या जाणकारांच्या देखरेखीखाली हे काम द्या. आपल्या शाळेचा संग्रह एकेक करून हाताळण्याहून मोठं शिक्षण त्यांना दुसरीकडे कुठं मिळणार? आणि सामान ठेवायला जे गोदाम निवडाल ते आधी एक पावसाळा काढून तपासा. मुंबईच्या दमट हवेत कागदावर बुरशी यायला चार दिवस पुरतात.

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण हे ज्ञान मुंबईतच उपलब्ध आहे. १९९५ मध्ये वारसा नियमावली करणारं हे देशातलं पहिलं शहर. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय वर्षानुवर्षं पडीक होतं, ते महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून पूर्ववत केलं, २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा उघडलं. तिथल्या कपाटांत जे.जे.च्या कुंभारकामाचे नमुनेही आहेत. त्या संग्रहालयाला जोडून नवी इमारत बांधण्यासाठी पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१४ मध्ये विजेता जाहीर झाला, पण ती इमारत काही उभी राहिली नाही. जुनं नीट करणं जमलं, नवं अडकलं. जे.जे.च्या बाबतीत निधीचा क्रम ठरवताना हे ध्यानात ठेवावं: चुन्यात बांधलेल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवून ओल आत कोंडू नका, आणि नव्या इमारतीच्या उद्घाटनाची तारीख गाठण्यासाठी जुन्या छताच्या गळतीचे पैसे वळवू नका.

दुसरं उदाहरण पणजीचं. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठावर उभी केलेली कला अकादमी म्हणजे गोव्यातल्या मराठी, कोंकणी रंगभूमीचं घर. २०२१ मध्ये तिचं नूतनीकरण हाती घेतलं. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. रात्रीची वेळ होती म्हणून माणसं वाचली. वास्तू पुन्हा उघडल्यावर ध्वनी आणि प्रकाशयोजना बिघडल्याची तक्रार रंगकर्मींनीच केली आणि शेवटी सरकारला कृती दल नेमावं लागलं. ज्यांनी तिथं आयुष्यभर नाटकं केली, त्यांना हे आधी विचारता आलं असतं. ध्वनी कुठं घुमतो, स्पॉट कुठून मारतात, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. जे.जे.त अशी जाणती माणसं आजही आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, वर्कशॉपमधले जुने सहायक आहेत. त्यांना सल्लागार समितीत मताच्या अधिकारासह बसवा, समारंभात शाल देण्यापुरतं बोलावू नका.

किपलिंगच्या बंगल्याबद्दल वर्तमानपत्रांत नेहमी लिहून येतं. लॉकवुड किपलिंग यांचे चिरंजीव, लेखक रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी या आवारात जन्मले, आणि आज दिसणारा बंगला त्या जागी नंतर बांधलेला आहे. तो नीट जपावा, पर्यटकांनी यावं. पण संग्रहालय करायचं तर ते बापाच्या कामाचं आणि त्याच्यापाशी शिकलेल्या मुंबईकर कारागिरांचं करा. एका लेखकाच्या जन्माची खोली एवढाच विषय ठेवला तर या आवाराची खरी गोष्ट बाहेरच राहील.

आता माणसांबद्दल. कंत्राटी नेमणुकीवर वर्षानुवर्षं काढणाऱ्या अध्यापकाला आपला विभाग दहा वर्षांनी कसा असावा हे सुचणार कसं, आणि सुचलं तरी तो सांगणार कुणाला?  पूर्णवेळ, नियमित पदं भरण्याचा कार्यक्रम बांधकामाच्या कार्यक्रमाला जोडून जाहीर करा. नवा मजला उघडेल तेव्हा त्यात शिकवणाऱ्याची नेमणूक झालेली असली पाहिजे.

आणि फी. अभिमत दर्जाची चर्चा सुरू झाली तेव्हा राज्य विद्यापीठ हवं की अभिमत यावर कलावंतांमध्ये मोठा वाद झाला, तो फी वाढेल या भीतीपोटी. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत, एस.टी. कंडक्टरची मुलगी आहे. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाल्यावर तिच्या वडिलांनी मला पहिला प्रश्न विचारला तो मुंबईत राहायची सोय काय आणि खर्च किती, हाच. रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च फीच्या वर असतो, हे चित्रकलेत न वावरलेल्या माणसाला पटकन कळत नाही. विस्ताराचा जो काही आराखडा होईल त्यात वसतिगृहाच्या खाटा किती वाढणार आणि मागास व आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची फी कुठल्या तरतुदीतून भागणार, हे आकड्यांत लिहिलेलं असावं. इमारतीचे चौरस फूट जसे आकड्यांत असतात तसंच.

आवारातली जुनी झाडं आणि मोकळी जागा यांनाही वर्ग समजा. पहिल्या वर्षाची मुलं तिथं बसून झाडाचं खोड काढायला शिकतात, निसर्गचित्राची पहिली वही तिथं भरते. फोर्टमधल्या जमिनीचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मोकळ्या जागेकडे 'न वापरलेलं क्षेत्र' म्हणून पाहणारी नजर कुठून ना कुठून येणारच. यातला एक तुकडाही शिक्षणाबाहेरच्या कामासाठी दिला जाणार नाही, असं लेखी आश्वासन आपण द्यावं ही विनंती.

हे सगळं कसं व्हावं याबद्दल एक सूचना आहे. निविदा काढण्याआधी पूर्ण आराखडा, मॉडेलसह, जे.जे.च्याच प्रदर्शन दालनात मांडा. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत मांडला तर उत्तम, कारण तेव्हा राज्यभरातले कलाशिक्षक मुलांना घेऊन येतातच. माहिती मराठीत असावी, प्रत्येक विभागाच्या जागेत काय बदल होणार ते आधीच्या आणि नंतरच्या नकाशासह दाखवावं, शेजारी वही ठेवावी आणि त्यात आलेल्या सूचनांवर काय निर्णय झाला ते नंतर प्रसिद्ध करावं. आमच्या जिल्ह्यातले कलाशिक्षक आपल्या सूचना लेखी देतील. त्या अभ्यासपूर्ण असतील याची जबाबदारी मी घेतो.

प्रदर्शनाची तारीख ठरली की कृपया किमान महिनाभर आधी जाहीर करावी. शाळेची परवानगी काढून मुलांना एस.टी.नं आणायला आम्हाला तेवढा वेळ लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जे.जे.चा एक माजी विद्यार्थी आणि कलाशिक्षक,
जिल्हा सातारा